सात नंबरचे कुलूप

१

कुलूप फळीवर सापडले. नेमके जिथे असायला नको होते तिथे.

पावाच्या त्या कारखान्यात एक नियम होता आणि तो चक्क पाळलाही जायचा. कणीक मळायचे मिक्सर इतके मोठे, की साफ करताना माणसाला कमरेपर्यंत आत वाकावे लागे. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या नंबरचे कुलूप आणि त्याची एकुलती एक किल्ली मिळालेली. आत वाकायच्या आधी मिक्सरच्या मेन स्विचला आपले कुलूप लावायचे आणि किल्ली गळ्यात घालायची. कुलूप आहे तोवर स्विच वर जात नाही आणि मिक्सर फिरत नाही. काम संपले की कुलूप काढून भिंतीवरच्या फळीला आपल्या खिळ्यावर अडकवायचे.

परवा दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, मिक्सरवाला आत वाकलेला असताना, मिक्सर फिरला. त्याचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. आणि त्याचे सात नंबरचे कुलूप फळीवर निवांत लटकत होते. कंपनीने त्याचा फोटोही काढून ठेवला होता, वेळेसकट. दोन वाजून पन्नास मिनिटे.

"म्हणजे त्यांनी कुलूप लावलंच नाही, असं कंपनी म्हणते," मिक्सरवाल्याची बायको वकीलबाईंना सांगत होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि ती थेट हॉस्पिटलातून आली होती. मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "आज चार वाजता मॅनेजर कागद घेऊन येणारेत. त्यावर ह्यांचा डाव्या हाताचा अंगठा हवाय. अंगठा दिला की दुसऱ्या ऑपरेशनचं कंपनी बघणार, माणुसकी म्हणून. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत ऑपरेशन झालं नाही तर कोपर कायमचं आखडेल."

"माणुसकी म्हणून!" वकीलबाई कडवटपणे हसल्या. तिने मोबाइलमध्ये आणलेला कागदाचा फोटो त्यांनी दोनदा वाचला. "हे बघा, कामावर इजा झाली की भरपाई हा हक्क असतो, उपकार नसतो. माणसाच्या हातून चूक झाली तरी तो हक्क जात नाही. पण इथे दोन वाक्यं हळूच घुसवलीत. एक, त्याने जाणूनबुजून कुलूप लावलं नाही. दुसरं, तो त्या वेळी कामावरच नव्हता. ह्यावर अंगठा पडला की मलाही काखा वर कराव्या लागतील."

"कामावर नव्हते कसे? मग काय तिथे फिरायला गेले होते?"

"कार्डावर दोन वाजून चार मिनिटांनी बाहेर पडल्याचा ठसा आहे म्हणे."

खिडकीपाशी एक माणूस आतापर्यंत मुकाट उभा होता. वकीलबाईंसाठी तो अपघातांची चौकशी करायचा. डाव्या हाताचे एक बोट पूर्ण आणि एक अर्धे गेलेले, म्हणून सगळे त्याला साडेतीन म्हणत. त्याला त्याचे काही वाटत नसे, निदान तो तसे दाखवत असे. कोणी बोटांबद्दल विचारलेच, तर "पत्रा कापायच्या मशीनवर गेली, माझीच चूक होती," एवढे सांगून तो विषय संपवायचा. तसा कागदही त्याने बावीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता.

"पिशवीत काय काय आहे, वहिनी?" त्याने विचारले.

"शर्ट, चपला, दोऱ्यातली किल्ली. पण किल्ली तर ते नेहमीच गळ्यात घालतात. त्याने काय सिद्ध होतंय?"

"तरी जपून ठेवा. आणि मिक्सरचं बटण कोणी दाबलं?"

तिने मान खाली घातली.

"माझ्या सख्ख्या भावाने," ती म्हणाली.

२

भाऊ कारखान्याच्या फाटकासमोर बसथांब्यावर बसला होता. दोन रात्री झोप नसल्याचे त्याच्या तोंडावरच लिहिले होते. तिशीही न उलटलेला गडी एकदम म्हातारा दिसत होता.

"ताई माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "बरोबरच आहे तिचं. दाजींनीच मला इथे चिकटवलं होतं."

"काय झालं ते सांग. जसं झालं तसं."

"मी दुपारच्या पाळीचा. मी पिठाची पोती आणायला गेलो होतो, परत आलो. स्विच बाहेर बोळात आहे, बटणही तिथेच. आत पीठ उडतं ना, म्हणून. मधल्या काचेतून काही दिसत नाही, ती पिठाने पांढरीफटक. मी स्विच बघितला. कुलूप नव्हतं. तरी मी ओरडलो, कोणी आहे का आत? भट्ट्यांच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार! मग वाटलं, दाजी आवरून गेले. स्विच वर केला आणि बटण दाबलं."

"खाली कुठे कुलूप पडलं होतं?"

"नाही. दहादा आठवून बघितलं. नव्हतं हो." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "दाजी म्हणतात लावलं होतं. मी म्हणतो नव्हतं. मी खोटं बोललो तर दाजी वाचतात. सांगा, बोलू का खोटं? आत्ता म्हणाल तर आत्ता बोलतो."

साडेतीनला त्याची मनापासून दया आली. आपल्याच माणसाचा हात आपल्याच बोटाने मोडावा, आणि वर खरे बोलण्याचीही चोरी व्हावी, ही शिक्षा काही लहान नव्हती.

"खोटं नको. तू खरंच बोलतोयस, आणि मला वाटतं दाजीही खरंच बोलतायत."

"दोघंही खरे कसे असतील?"

"मधे कोणीतरी येऊन गेलं, तर असतील," साडेतीन म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

३

मॅनेजरने त्याला अडवले नाही, उलट स्वतः बोळ दाखवायला वरच्या मजल्यावरून खाली आला. पांढराशुभ्र शर्ट, मऊ बोलणे, आणि भिंतीवरच्या प्रत्येक सूचनेखाली त्याची स्वतःची सही.

"कुलपांचा नियम मीच आणला," तो म्हणाला. "सहा वर्षांत एकाच्या नखालाही धक्का लागला नव्हता. म्हणून जास्त वाईट वाटतं. बोंब उठली, मिक्सरवाला अडकला म्हणून, तेव्हा मी जिन्यातच होतो. मी म्हटलं, तो कसा असेल, तो तर घरी गेलाय! धावत आलो तर हे असं. माणूस सुटी झाल्यावर कोणाला न सांगता आत जातो, कुलूप लावत नाही... आम्ही तरी कुठे कुठे पुरणार?"

बोळात एका बाजूला दोन मिक्सरचे स्विच होते, शेजारी हजेरीच्या कार्डांची चौकट, आणि पलीकडे कुलपांची फळी. काचेच्या पेटीत लांब दांड्यांचा कटर. त्याखाली सूचना होती: कुलपाचा मालक घरी गेला असेल आणि ते राहून गेले असेल, तर आधी आत पाहावे, मालकाला फोन करावा, मगच तोडावे. पेटीला साधी कडी होती. हात घालील त्याच्या हाती कटर येईल, अशी.

फळीवर पाच, सहा आणि आठ नंबरची कुलपे होती. तिन्हींच्या फटींत वाळलेली कणीक बसलेली, किल्लीच्या भोकाभोवती पिठाचे कडे. मधले सात नंबरचे मात्र लख्ख.

साडेतीनने हात पुढे केला.

"हात लावू नका, पुरावा आहे," मॅनेजर हसून म्हणाला. "स्वच्छ आहे ना? माझ्याही लक्षात आलं. तो ते कधी वापरतच नव्हता, मग घाण कसं होणार! हाच तर आमचा मुद्दा आहे."

साडेतीनने हात मागे घेतला. आपण पकडलेला धागा समोरच्याने आपल्याच गळ्याभोवती गुंडाळावा, तसे झाले. वेळ जात होता. पावणेबारा.

त्याने नुसता चाळा म्हणून कार्डांवरून नजर फिरवली. सकाळच्या पाळीत मिक्सरवर काम करणाऱ्या चौघांची कार्डे. परवा सुटीची वेळ दोन वाजून तीन, दोन वाजून चार. त्याच्या आदल्या दिवशीही तेच, त्याच्याही आधी तेच. पाळी दोनला संपते.

चार मिनिटांत मिक्सर खरवडून होत नाही. निदान अर्धा तास लागतो. तरीही दुपारची पाळी साफ मिक्सरवरच सुरू होते.

"सुपरवायझर कुठे भेटतील?" त्याने विचारले.

४

सुपरवायझरला सगळे घड्याळ म्हणत, कारण तो बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त पाहायचा. आत्ता तर तो तिथून नजर काढायलाच तयार नव्हता.

"अपघात झाला तेव्हा मी ट्रकपाशी होतो. माल जायला उशीर झाला होता, साहेब वरून फोनवर फोन करत होते. मला काही माहीत नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही," साडेतीन म्हणाला. "मिक्सर कोण साफ करतं?"

"मिक्सरवालेच."

"कधी?"

घड्याळाने पुन्हा मनगट पाहिले. "पाळीत."

"दोनपर्यंत तर कणीक चालू असते. आणि दोन वाजून चारला कार्ड. मग काय, मिक्सर आपलं आपण अंघोळ करतात?"

सुपरवायझरचा चेहरा पिठासारखा झाला. "माझी नोकरी जाईल हो. दोन मुली आहेत मला."

"त्यालाही घर आहे. त्याचं कोपर उद्या आखडणार आहे."

त्याने आजूबाजूला पाहिले. मग सुपरवायझर हळू आवाजात म्हणाला, "आधी कार्ड, मग साफसफाई. जादा तास दिसू नयेत म्हणून मीच सुरू केलं. खाली सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी हे कुठे लिहून देणार नाही. आणि त्याच्या कुलपाला मी हात लावलेला नाही, शपथ घेतो."

म्हणजे माणूस कामावर होता, हे आता साडेतीनला कळले होते. पण सांगणारा कोर्टात कानांवर हात ठेवणार होता. आणि कुलूप अजून फळीवरच होते.

५

सुपरवायझर मोकळा होईपर्यंत दोन वाजले होते, आणि स्टोअर तीनला उघडले. ते सांभाळणाऱ्या बाई तोंडाने फटकळ आणि हाताने नीटनेटक्या. नवी कुलपे त्यांच्या कपाटात ओळीने मांडलेली असत.

"नंबर मी ठोकते," त्यांनी एक छोटी हातोडी आणि खिळ्यासारखे ठसे दाखवले. "कुलपावरही आणि किल्लीवरही. मग वरून पांढरा रंग भरते. रंग गेला तरी नंबर राहायला हवा ना? ठसे माझ्या खणात, खणाची किल्ली माझ्या कमरेला. नवरासुद्धा मागायला धजत नाही."

"परवा अपघाताच्या वेळी तुम्ही इथेच होता?"

"छे! दोन ते तीन मी स्टोअर बंद करून घरी जेवायला जाते. परत आले तर हा सगळा गोंधळ."

"स्टोअरची दुसरी किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक वर साहेबांकडे. का हो?"

"सहज. आणि कार्डाची ती भानगड, आधी कार्ड मग साफसफाई, ती तुम्हालाही माहीत असेलच."

बाई खळखळून हसल्या. "अहो, फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे! इथल्या कार्डावर विश्वास ठेवायचा, तर माणूस वरच्या मजल्यावरच बसलेला हवा."

साडेतीन दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. सकाळी ऐकलेले एक वाक्य त्याला आठवले. साधे, दुःखाने बोललेले, आणि आत्तापर्यंत त्याच्या कानांवरून नुसते घसरून गेलेले वाक्य.

सव्वातीन वाजले होते. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होते.

६

चार वाजून पाच मिनिटांनी तो धापा टाकत वॉर्डात शिरला. दाराबाहेर बाकावर मिक्सरवाल्याच्या बायकोचा भाऊ बसला होता, आत जायची हिंमत नसलेला.

खाटेवर मिक्सरवाला अर्धवट गुंगीत होता, उजवा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. मॅनेजरने कागद पुठ्ठ्यावर नीट लावला होता. शाईची डबी उघडी होती. साक्षीदार म्हणून सही करायला आणलेला सुपरवायझर भिंतीला टेकून उभा होता. आणि खाटेच्या कडेला, पारदर्शक पिशवीत, सात नंबरचे कुलूप.

"...बघा ना बाई, आम्ही काही लपवत नाही," मॅनेजर समजावत होता. "फळीवर होतं तसं आणलंय. नंबर तुम्हीच वाचा. आता उशीर केलात तर ऑपरेशन लांबेल."

बायकोने नवऱ्याचा डावा हात धरला होता. अंगठा शाईपासून वीतभर अंतरावर होता.

"थांबा!" साडेतीन म्हणाला. "वहिनी, हात सोडा त्यांचा. ती दोऱ्यातली किल्ली द्या."

"कसली किल्ली?" मॅनेजरने विचारले. त्याचा मऊ आवाज पहिल्यांदाच जरा कोरडा झाला.

"सात नंबरची. त्याच्या गळ्यात होती. इथल्या नर्सनी कपड्यांबरोबर पिशवीत घालून दिली. तुम्ही सगळ्याचा विचार केलात, एवढी मात्र राहिली."

किल्लीवर ठोकलेला सात होता आणि खाचांत वाळलेली कणीक. साडेतीनने कुलूप पिशवीतून काढले आणि ती त्याला लावली. किल्ली अर्ध्यावर अडली. त्याने ती पुसली आणि परत लावली. अर्ध्यावरच.

"पीठ अडकलं असेल," मॅनेजर म्हणाला.

"कुलपात? हे तर कधी वापरलंच नव्हतं ना? सकाळी तुम्हीच सांगितलंत."

साडेतीनने आपले अर्धे बोट कुलपाच्या नंबरावरून फिरवले. त्या बोटाला नख नव्हते, पण जाणीव इतरांपेक्षा जास्त होती. "स्टोअरच्या बाई नंबर ठोकून घालतात. हा नुसता रंगवलाय. हे कुलूप अपघातानंतर आणलंय, फोटोच्या आधी. म्हणजे दोन वीस ते दोन पन्नासच्या मधे. तेव्हा स्टोअर बंद होतं. किल्ली बाईंच्या कमरेला, बाई घरी. दुसरी किल्ली तुमच्याकडे."

"मी... कोणीही माझ्या टेबलावरून..." मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिले.

"मलाही आधी यांचाच संशय आला होता. पण मी स्वतःला विचारलं, दुसऱ्याचं कुलूप माणूस तोडतो कधी? तो घरी गेलाय अशी खात्री असेल तेव्हा. आणि मिक्सरवाला दोन वाजून चारला घरी गेला, असं तुमच्या कारखान्यात कोणाला वाटेल? सुपरवायझरला नाही, ती पद्धत त्यांचीच. जोडीदारांना नाही, स्टोअरच्या बाईंनाही नाही. खाली सगळ्यांना ठाऊक आहे की कार्ड खोटं बोलतं." तो एक पाऊल पुढे सरकला. "बोंब उठली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, साहेब? 'तो कसा असेल, तो तर घरी गेलाय.' म्हणजे अपघाताच्या आधीच तुम्ही त्याचं कार्ड पाहिलं होतं. एका मिक्सरवाल्याचं कार्ड मॅनेजर अपघाताच्या आधी कशाला पाहतो?"

सुपरवायझरने खिशातले पेन काढले होते. त्याने ते परत खिशात ठेवले.

"मी सही करणार नाही, साहेब," तो म्हणाला. या वेळी त्याने मनगटाकडे पाहिले नाही. "तो कामावरच होता. माझ्याच सांगण्यावरून. ते मी लिहून देतो."

मॅनेजर स्टुलावर मटकन बसला. पांढऱ्या शर्टाला काखेत घाम फुटला होता.

"माल अडला होता," तो म्हणाला. "खाली आलो, बघतो तर स्विचला कुलूप. कार्डावर गेल्याची वेळ. मला वाटलं विसरला. आत डोकावायला हवं होतं, फोन करायला हवा होता. नियम मीच लिहिलाय. घाई होती... तोडलं, आणि खिशात घालून वर गेलो. जिन्यात होतो तेव्हा ती किंकाळी ऐकली." त्याने खाटेकडे पाहायचे टाळले. "तुटकं कुलूप माझ्या खणात आहे. फेकवलं नाही."

"ती चूक होती, आणि चूक कोणाचीही होते," साडेतीन म्हणाला. "पण मग तुम्ही वर जाऊन नवीन सात रंगवलात, आणि ज्याचा हात मोडला त्यालाच गुन्हेगार ठरवायला शाई घेऊन आलात. त्याचा मला फार राग येतो, साहेब."

त्याने वकीलबाईंना फोन लावला. त्या तुटके कुलूप ताब्यात घ्यायला माणसे घेऊन निघाल्या, आणि निघता निघता डॉक्टरांशी बोलल्या. ऑपरेशन उद्या सकाळी ठरले. त्यासाठी अंगठ्याची अट नव्हती, तशी ती कधी नव्हतीच.

मॅनेजर आणि सुपरवायझर गेले. मागे शाईची डबी तेवढी उघडी राहिली.

दारात भाऊ उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"कुलूप होतं?" त्याने विचारले. "दाजी, कुलूप होतं?"

मिक्सरवाल्याने जड डोळे उघडले. "लावलं होतं रे," तो पुटपुटला. "तुला कसं दिसणार? ते काढून नेलं होतं."

बहिणीने भावाकडे पाहिले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग ती जराशी सरकली आणि खाटेच्या कडेला जागा केली. "ये, बस. काही खाल्लंस का सकाळपासून?" भाऊ तिच्या खांद्यावर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला.

साडेतीनने डबीचे झाकण लावले. निघायला वळला, तेव्हा भावाने डोळे पुसत त्याच्या हाताकडे पाहिले.

"तुमची बोटं कशी गेली हो?"

"पत्रा कापायच्या मशीनवर. माझीच..." साडेतीन म्हणाला, आणि थांबला. बावीस वर्षांत हे वाक्य त्याने कधी अर्धवट सोडले नव्हते.

"त्या मशीनला झाकण नव्हतं," तो म्हणाला. "मी तीनदा मागितलं होतं."